साखर संपेपर्यंत

परवा आमच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर बाळ आलं. नवरा-बायको दोघंच. पोरीची आई तिकडे विदर्भात, सासू म्हणे गुडघ्यांनी बेजार. दुपारी मी जिन्यात उभी होते, तर हेल्मेट घातलेला एक पोरगा वर गेला, बेल दाबली, पिशवी दारात ठेवली, मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला आणि खाली उतरला. पिशवीत मसाला डोसा होता, वासावरूनच कळलं. बाळंतिणीला मसाला डोसा. मला कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी गप्प बसले. नाहीतर गप्प बसणं हा काही माझा गुण नाही, आख्ख्या बी विंगला माहीत आहे.

पण मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं ते डोशामुळे नाही. बेल दाबण्याआधी तो पोरगा थांबला नाही, त्यामुळे. बाळाच्या घराची बेल अशी येताक्षणी दाबायची पद्धत आमच्याकडे नव्हती. निदान अहिरे काका होते तोवर तरी नव्हती.

अहिरे काका माझ्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये राहायचे. एकटेच. अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर मशीनवर उभे राहिले, रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून इकडे चिखलोलीला घर घेतलं. तेव्हा इथे आमच्या बिल्डिंगा, पाण्याचे टँकर आणि ‘स्टेशन होणार’ हा बोर्ड एवढंच होतं. बायको, वासंतीबाई, क्वार्टरमध्ये असतानाच गेलेल्या. एकुलता मुलगा निखिल, तो बायकोबरोबर बदलापूरला. बदलापूर म्हणजे इथून शेअर रिक्षात बसलं की आलंच. पण त्या मुलाला आमच्याकडे येताना कित्येक वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. काकांच्या टीव्हीवर त्याच्या लग्नाचा फोटो होता, त्यावरून आम्ही त्याला ओळखायचो.

उंच माणूस, खांद्यात जरासा वाकलेला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, तो स्वतः इस्त्री केलेला. हातांना कायम सुंठेचा वास. लिफ्टमध्ये भेटले तर “जय भीम, कविताताई” म्हणायचे, आणि माझ्या तोंडून “नमस्कार काका” बाहेर पडेपर्यंत आमचा मजला आलेला असायचा. बोलणं कमीच. पण भिंत पातळ असल्यामुळे मला एक गोष्ट ऐकू यायची. काका कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायचे. “एक झाली.” मग बऱ्याच वेळाने, “दुसरी झाली.” आत कुणीतरी बसलंय आणि त्याला सांगायचंय असं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पाहुणे आलेत. नंतर कळलं, कुणी नाही.

माझी ओवी झाली तेव्हा आम्ही इथे नवीनच होतो. माझ्या आईचा पाय प्लॅस्टरमध्ये, आणि सासूबाईंशी माझं त्या वेळी बोलणं बंद. कारण सांगत बसत नाही, चूक त्यांचीच होती. हॉस्पिटलमधून घरी आले तर प्रकाशने, म्हणजे आमच्या ह्यांनी, मोठ्या प्रेमाने ब्रेड भाजून दिला. संध्याकाळी परत ब्रेड. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा ब्रेड समोर आला तेव्हा मी रडायला लागले, माझं बघून ओवी रडायला लागली, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात अहिरे काका. हातात कापडी पिशवी. त्यातून त्यांनी एक डबा काढला. “हा बाळाच्या आईचा.” मग दुसरा काढला. “हा बाळाच्या बापाचा.”

“माझा?” प्रकाश म्हणाला.

“बापाला कुणी विचारत नाही. तो आठवडाभर वडापाववर जगतो, मग त्याची चिडचिड होते, आणि ती सगळी हिच्यावर निघते.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “खाऊन घ्या. रडायचं ते नंतर.”

आत या म्हटलं तर आले नाहीत. चपलांच्या स्टँडपाशीच उभे. माझ्या डब्यात मऊ भात, त्यावर तूप, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी चुरून दुधात भिजवलेली, आणि वाटीत अळिवाची खीर. प्रकाशच्या डब्यात लालभडक सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. त्या सुकटीचा वास असा सुटला की मी नवऱ्याला म्हटलं, मेहरबानी कर आणि गॅलरीत जाऊन खा. दोन्ही डब्यांच्या झाकणांवर नाव कोरलेलं होतं, ‘सौ. वासंती अहिरे’.

पुढचा सव्वा महिना डबे येत राहिले. पण एकदा प्रकाश कचरा ठेवायला दार उघडतो, तर बाहेर काका पिशवी घेऊन उभे. मान जरा कलती, कान दाराकडे.

“अहो काका, कधी आलात? बेल नाही का वाजवायची?”

“बाळाचा आवाज नाही आला अजून.”

“झोपलीये ती.”

“हो का? बरं. मग थांबतो.” आणि खरंच थांबले. ओवी कुरकुरली तेव्हाच डबा दिला. तोवर भात गार झाला होता. प्रकाश दार लावून म्हणाला, म्हातारा जरा सरकलेला आहे, पण चटणी काय करतो. आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं ते.

डबा परत करताना मी पद्धतीप्रमाणे त्यात साखर घातली. डबा रिकामा द्यायचा नसतो, हे आईने लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. काकांनी झाकण उघडलं, आणि चेहराच बदलला. पहिल्यांदाच आत येऊन, माझ्याच ओट्यावरची वाटी घेऊन त्यांनी साखर तिच्यात ओतली आणि माझ्यापुढे सरकवली.

“साखर घालून देत जाऊ नका. साखर आली म्हणजे फिटलं, संपलं. रिकामा द्या. रिकामा डबा आला की मला कळतं, उद्या भरून आणायचाय.”

असला उलटा नियम मी कुठे ऐकला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून रिकामा डबा द्यायला लागले. धुऊन, पुसून, रिकामा.

हे डब्यांचं काम मुळात वासंतीबाईंचं. त्या अंबरनाथच्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. ज्या बाईच्या घरून कुणी यायचं नाही तिच्यासाठी त्या घरून डबा करायच्या आणि काका सायकलला अडकवून न्यायचे. काका म्हणायचे, “मी नुसता हमाल होतो. ती गेली, हमाल राहिला.” मग हमालानेच हळूहळू गॅस पेटवायला सुरुवात केली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तर रांगच होती. सगळी नवीन लग्न झालेली, नवीन लोन काढलेली, घरात मोठं माणूस नाही. या विंगचं बाळ सव्वा महिन्याचं होतंय तोवर त्या विंगमध्ये दुसरं.

सव्वा महिना संपला की डबे बंद, आणि लोक काकांना विसरायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बारशाला बोलवायचे, काका मागच्या खुर्चीवर बसायचे, पेढा खाऊन उठायचे. मग पुढे तेच आई-बाप लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये बघत उभे. पोरं धावती झाली, त्यांना तर हे आजोबा कोण ते माहीतही नाही. काका त्या पोरांकडे बघायचे, पण नावाने हाक मारायचे नाहीत. मला राग यायचा. काकांना म्हटलं तर म्हणाले, “बाळाला थोडंच आठवणार?” मी म्हटलं, बाळाच्या आईला आठवायला काय झालं.

साधुसंत मात्र नव्हते हं. एक किस्सा सांगते. तिसऱ्या मजल्यावर एकांकडे मुलगा झाला, गावाहून सासूबाई आल्या होत्या. काका डबा घेऊन गेले. सासूबाईंनी विचारलं, आडनाव काय म्हणालात? अहिरे. कुठले अहिरे? काका सरळ म्हणाले, “नाशिककडचे. बौद्ध आहोत आम्ही.” सासूबाई गोड हसल्या, डबा घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, आमच्याकडे सोयर आहे ना, बाहेरचं चालत नाही. आता सोयरात आपल्या घरचं दुसऱ्याला चालत नाही, दुसऱ्याचं आपल्याला चालतं, एवढं मलाही कळतं. आणि आदल्या दिवशीचा डबा कुठे गेला ते वॉचमन यादवनेच सांगून टाकलं. बिचाऱ्याला काय माहीत. “काका, वो खीर एकदम मस्त थी. किसके घर की थी?”

दुसऱ्या दिवशी बरोबर जेवणाच्या वेळेला काकांनी दोन खुर्च्या घेतल्या, गेटजवळ नेमक्या त्या सासूबाईंच्या बाल्कनीसमोर मांडल्या, आणि यादवला घेऊन जेवायला बसले. बाळंतिणीचं जेवण, दोघे बाप्ये खातायत. तिसऱ्या दिवशीही तेच. यादव तर अळिवाची खीर खाऊन गुबगुबीत व्हायच्या बेतात आला. मी विचारलं, “काका, तुम्हाला अपमान नाही वाटला?” म्हणाले, “वाटला की. म्हणून तर खुर्ची बाल्कनीसमोर ठेवली.”

शेवटी एके दुपारी त्या घरची सूनच बाल्कनीत आली आणि वरून म्हणाली, “काका, शेपू उरलीये का?” सासूबाई आत निघून गेल्या. नवरा स्वतःचं ताट घेऊन खाली आला. काकांनी ताट भरलं, पण त्याला बसायला खुर्ची काही दिली नाही.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. एवढं बाळंतिणींचं करणारा माणूस, पण काकांच्या घरात अळीव, डिंक, खारीक यांचा दाणा साठवलेला नसायचा. मी उल्हासनगरला, कॅम्पात, एका सिंधी शेठच्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर काम करते. बाजूलाच सुक्या मेव्याची गल्ली आहे. मी म्हणायचे, “काका, अमकीला नववा लागलाय, येताना अळीव आणून ठेवू का?” दर वेळी एकच उत्तर. “नको. खबर आल्यावर.” खबर आली की मग पिशवी घेऊन धावतपळत निघणार, उन्हातान्हात. मला वाटायचं, असतो एकेकाचा हट्ट.

सी विंगमध्ये रुचा नावाची मुलगी होती, आयटीवाली, सगळं आधी ठरवून करणारी. आठव्या महिन्यात ती स्वतःच डिंक, खारीक, काजू-बदाम घेऊन काकांच्या दारात उभी राहिली. “काका, लाडू आत्ताच करून ठेवाल का? नंतर धावपळ नको.” काकांनी पिशवीकडे पाहिलं, म्हणाले, “घेऊन जा हे,” आणि दार लावून घेतलं. पोरगी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. मी अर्थात तरातरा गेले.

“काका, हे काय वागणं झालं? पोटुशी बाई आहे ती.”

काका स्वयंपाकघरात खाली बसले होते, भिंतीला टेकून. मला बसा पण म्हणाले नाहीत. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

“निखिलच्या बायकोला, श्वेताला, आठवा लागला होता. वासंती नव्हती. मला वाटलं, तिच्या जागी आता मीच. तोवर मी साधा भातही धड करत नव्हतो. पण डिंक तळला, खारीक कुटली, वासंतीच्या डब्यांच्या सेटमधला सगळ्यात मोठा डबा लाडवांनी भरला आणि गेलो बदलापूरला. श्वेताने माझ्यासमोर एक खाल्ला. खूश होती. तिची आई आली होती, तिने डबा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, बाळंतिणीचे लाडू आधीच घरात आणतं का कुणी? मी हसलो. म्हटलं, आपल्यात असलं काही मानत नाहीत.”

“मग?”

“मग त्याच आठवड्यात झालं. बाळ रडलंच नाही.”

मी आपणहून त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

“डॉक्टर म्हणाले, नाळेचा वेढा होता. लाडवांचा काय संबंध,” काका म्हणाले. “मलाही माहितीये संबंध नाही. आम्ही ते सगळं सोडून दिलेली माणसं. माझ्या बापाने सोडलं. मी रोज सकाळी वंदना म्हणतो. तरी दुकानात अळीव दिसला की हात मागे येतो. श्वेता मला एका शब्दाने काही बोलली नाही. निखिलला एवढंच म्हणाली, बाबांना सांग, आता येऊ नका. डबा तिकडेच राहिला.”

तेव्हा मला कळलं, काका बंद दाराबाहेर कान देऊन का उभे राहायचे. रात्री प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, मी त्यांना सरकलेला म्हणालो होतो. रुचाला मी दुसरंच काहीतरी कारण सांगितलं. तिला मुलगा झाला, आणि खबर आल्याबरोबर काका पिशवी घेऊन रिक्षा शोधत पळाले.

निखिलचा फोन यायचा कधीमधी. तब्येत, पेन्शन, गॅसचा नंबर लावला का. श्वेताचं नाव दोघंही काढायचे नाहीत. भिंतीतून मला काकांची बाजू ऐकू यायची. “हो. हो. बरं. ठेवतो.” एवढंच.

आणि मग एके दिवशी श्वेता माझ्या दुकानात आली.

मी फोटोवरून ओळखलं. ती काही मला ओळखत नव्हती. “सैल गाऊन दाखवा, पुढून बटणं असलेला,” म्हणाली. पोट चांगलं दिसत होतं. मी गाऊन काढत होते, तेवढ्यात शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “अरे मॅडम को बेबी सेट भी दिखाओ, नया माल आया है.” मी झबलं-टोपडं काउंटरवर ठेवलं, सवयीने. ती अशी मागे सरकली की मागच्या बाईला धक्का लागला. “नको. ते नको. नंतर बघू.” मी पटकन उचलून खाली घातलं. तिने निळा गाऊन घेतला आणि गेली. मी तिला काही म्हणाले नाही. म्हणायचं तरी काय होतं, मी तुझ्या सासऱ्यांची शेजारीण?

काकांना सांगायचं की नाही, यावर मी परतीच्या रिक्षाभर विचार केला. घरी आले तर काका दार उघडं टाकून मेथी निवडत बसलेले.

“काका, तुमची सूनबाई आली होती दुकानात.”

हात थांबले. “काय घेतलं?”

“गाऊन. सैल.”

मग म्हणाले, “रंग कुठला?”

“निळा.”

“चालताना दमत होती का?”

“नाही. चांगली होती.”

“बरं,” म्हणाले, आणि परत मेथी निवडायला लागले. पानं टोपलीत जायच्या ऐवजी देठांच्या ढिगात जात होती. मी ती उचलून टोपलीत टाकली.

त्या दिवसापासून काका घराबाहेर पडेनासे झाले. फोन फ्रिजवर, चार्जरला लावलेला, आवाज पूर्ण मोठा. एखाद्या बाळंतिणीचा डबा असला तर तेवढा पोचवायचे आणि झपाझप परत. एकदा तर सुकट आईच्या डब्यात गेली आणि खीर बापाच्या. माझ्या मनात महिन्यांचा हिशेब चालूच होता. पोट पाहिलं होतं ना मी. सातवा असेल, मग आठवा, मग नववा. नववाही उलटून गेला असणार. फोन नाही.

आता यात दोनच गोष्टी होत्या. एक तर बाळ झालंय आणि यांना सांगितलेलं नाही. नाहीतर परत तेच झालंय. काका दोन्हींच्या मध्ये बसून होते. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, पण मोजायचा आवाज बंद झाला होता. मला ते सहन होईना.

“मी लावू का फोन निखिलला? काहीतरी निमित्त काढते.”

“नको. अशी खबर मागायची नसते. यायची असते.”

“आणि नाही आली तर?”

“तर नाही आली.”

एका रविवारी सकाळी मी इडलीचं पीठ द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. लिफ्ट उघडली आणि निखिल बाहेर आला. फोटोतल्यापेक्षा जाड झालेला, केस मागे गेलेले. हातात पिशवी. दाराशी येऊन थांबला, माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

“बाबा, मुलगी झाली.”

काका ओट्याला धरून उभे राहिले. “रडली का?”

“काय?”

“जन्मल्यावर. रडली का लगेच?”

“हो. खूप रडली. अजून रडते.”

काकांनी मान हलवली. नुसती हलवत राहिले. मग विचारलं, “कधी झाली?”

निखिल खाली बघून म्हणाला, “सव्वा महिना झाला परवा. श्वेता म्हणाली, सव्वा महिना होऊ दे, मग सांग. तिला भीती वाटत होती, बाबा.”

म्हणजे डबा न्यायचे सगळे दिवस संपल्यावर खबर आली होती. आख्ख्या कॉम्प्लेक्सच्या बाळंतिणींना जेवू घातलं या माणसाने, आणि स्वतःच्या सुनेला भाताचं एक शीत नाही. मला निखिलचा असा राग आला होता की मी पिठाचं भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. काका म्हणाले, “बरोबर आहे तिचं.”

निखिलने पिशवीतून डबा काढला. मोठा, जुना, झाकणावर नाव. “हा श्वेताने दिलाय. तुमचा राहिला होता.” चहा नको म्हणाला, गाडी खाली आडवी लावलीय म्हणाला, आणि गेला.

काकांनी डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं. आत काठोकाठ साखर.

मला एकदम माझ्या ओट्यावरची ती वाटी आठवली. साखर आली म्हणजे फिटलं, संपलं. मी घाईघाईने म्हणाले, “अहो काका, पद्धत असते. रिकामा कसा पाठवणार? तिच्या आईने भरला असेल.”

“हो,” काका म्हणाले. “पद्धतच आहे.” आणि खुर्चीवर बसले. मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

काकांना डायबेटिस होता. चहा बिनसाखरेचा, वर्षानुवर्षं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्या डब्यात चमचा, आणि चहात साखर ढवळणं चाललेलं.

“काका, डोकं फिरलंय का? शुगर आहे तुम्हाला.”

“संपवायला पाहिजे ना.”

“मग दुसऱ्या डब्यात ओता. झाला हा रिकामा.”

“तुमची मी परत ओतली, तुम्ही हसण्यावारी नेलीत. हिची ओतून ठेवली तर ती परत केल्यासारखी होईल. घरची साखर आहे. खाऊनच संपवायची.”

मग मी काय करणार? मीही कामाला लागले. रोज सकाळी काकांनी स्वतःच्या चहात अर्धा चमचा घालायचा, त्याहून जास्त नाही, असं मी दटावून कबूल करून घेतलं. बाकीची आम्ही खाल्ली. काकांनी शिरा करून यादवला दिला. तिसऱ्या मजल्यावर दिला, त्या सासूबाई त्या वेळी आलेल्या होत्या, त्यांनी दोनदा मागून घेतला. रुचाच्या पोराला, माझ्या ओवीला, लिफ्टवाल्याला, टँकरवाल्याला, ज्याच्या त्याच्या हातावर शिरा. “माझ्या नातीची साखर आहे,” म्हणायचे. ज्या आया लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये बघायच्या त्या थांबून विचारायला लागल्या, काका, नात झाली? कशी आहे? कुणावर गेलीय? काका म्हणायचे, “अजून बघितली नाही. साखर संपली की जाणार आहे.”

संपली एकदाची. काकांनी डबा धुतला, पुसला, उन्हात पालथा घातला. मग उल्हासनगरला स्वतः माझ्याबरोबर आले. अळिवाच्या पोत्यासमोर उभे राहिले. मी मध्ये बोलले नाही. हात पुढे केला, चिमूटभर उचलून बघितला आणि म्हणाले, “द्या.”

“काका, आता पथ्याचं कोण खातं? दिवस उलटून गेले,” मी तरीही म्हणालेच.

“आईला भूक लागायची थांबते का?”

डिंक तळला, खारीक कुटली. मोठ्या डब्यात लाडू, आणि नेहमीचे दोन डबे, एक आईचा, एक बापाचा. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला. निखिलला फोनसुद्धा केला नाही. रिक्षात बसताना पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. मी गॅलरीत उभी होते. रिक्षा वळली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं, की हा माणूस आता बदलापूरला कुठल्यातरी बंद दाराबाहेर कान देऊन उभा राहणार, आणि पोरगी नेमकी झोपलेली असणार.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. त्याच थंडीत गेले, झोपेतच. फ्लॅट भाड्याने दिलाय आता, आणि शेजारून कुकरच्या शिट्ट्या आल्या तरी त्या कुणी मोजत नाही. मी मात्र अजूनही मनात मोजत असते. पण काका आठवतात ते त्या दिवशी संध्याकाळी, बदलापूरहून परत येतानाचे.

मी दुपारपासून चार वेळा गॅलरीत जाऊन आले होते. भाजी करपली होती. ऊन उतरलं तेव्हा काका गेटमधून आत येताना दिसले, एकटे. मी आधी हात बघितले. हातात काही नव्हतं. पिशवी नाही, एकही डबा नाही.

“काका,” मी वरूनच ओरडले, “डबे कुठायत?”

ते थांबले, वर बघितलं. यादवही खुर्चीवरून उठून बघायला लागला.

“तिकडेच राहिले,” काका म्हणाले. “मी मागत होतो. पण श्वेता म्हणाली, अजून रिकामे नाही झाले.”

आणि मग चालायला लागले. हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. एकदा मागे बांधले, एकदा खिशात घातले, मग तसेच मोकळे सोडून दिले आणि बी विंगकडे आले.